भीमाकाठची वनस्पतिनामे व बीजप्रसाराचा इतिहास : भिगवण परिसराचा विचार

१

प्रदेशाच्या इतिहासाची साधने म्हणून ताम्रपट, शिलालेख, दप्तरांतील कागद आणि प्रवाशांची वृत्ते यांचा विचार नेहमी होतो. तेथील झाडेझुडपे मात्र इतिहासाची केवळ पार्श्वभूमी मानली जातात; जणू ती तेथे सदैव होतीच. वस्तुतः वनस्पतींनाही आगमन असते, विस्तार असतो आणि ऱ्हास असतो. झाड स्वतः चालत नाही. त्याचे बी चालते, आणि तेही बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी आधाराने. वारा, पाणी, पक्षी, जनावर आणि माणूस हे बियांचे वाहक होत. यांपैकी कोणता वाहक कोणत्या काळी कोणत्या प्रदेशात कार्यरत होता हे कळले, तर तेथील वनस्पतींचा इतिहास पुष्कळ अंशी कळला असे म्हणावयास हरकत नाही.

हा इतिहास शोधण्याचे एक साधन भाषेत आहे. बी जेथे रुजते तेथे त्याच्या झाडाला नाव मिळते. ते नाव कधी परक्या भाषेतून झाडाबरोबरच येते, कधी जुन्या झाडाचे नाव नव्याला दिले जाते, तर कधी नव्या झाडाला पुराणातील आप्तसंबंध चिकटविला जातो. नाव पडण्याची ही रीत आणि बी येण्याची वाट यांचा परस्परांशी काही नियमित संबंध आहे काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. त्यासाठी पुणे जिल्ह्याच्या पूर्व सीमेवरील भिगवण आणि त्याभोवतीचे इंदापूर व बारामती हे तालुके निवडले आहेत. पुणे-सोलापूर रस्ता, त्याच दिशेने जाणारा लोहमार्ग, भीमा नदी, मेंढपाळांच्या वाटा आणि १९८० नंतरचा उजनीचा जलाशय या सर्वांचा येथे संगम झालेला असल्याने बियांच्या बहुतेक सर्व वाहकांची कामगिरी एकाच परिसरात पाहावयास मिळते.

२

प्रथम भूमीचा विचार करावा. भीमा सह्याद्रीच्या माथ्यावर भीमाशंकर येथे उगम पावते आणि सुमारे ८६० किलोमीटरांचा प्रवास करून कृष्णेला मिळते. उगमाजवळ पावसाचे मान ३००० मिलिमीटरांहून अधिक आहे. भिगवण-इंदापूरकडे येईतो ते ५०० मिलिमीटरांच्या आसपास उतरते. उगमाशी सदाहरित व निमसदाहरित अरण्य आहे; येथे बोर, बाभूळ, हिवर यांचे विरळ काटेरी रान आणि गवताळ माळ. भारतीय वनांच्या चँपियन व सेठ यांनी १९६८ साली केलेल्या वर्गीकरणात हे दोन्ही प्रकार उष्णप्रदेशीय वनांतच मोडतात. एकाच नदीने जोडलेली ही दोन टोके बीजप्रसाराच्या दृष्टीने मात्र भिन्न आहेत.

दाट, ओल्या अरण्यात वाऱ्याला वाव थोडा. तेथील बहुसंख्य वृक्षांची फळे गरयुक्त असतात आणि ती पक्षी, वानरे, शेकरू, उदमांजर, वटवाघळे यांच्यासाठी घडलेली असतात. गर हे वाहतुकीचे वेतन होय. कोरड्या रानात झाडे विरळ, वारा मोकळा आणि उन्हाळ्यात पानगळ. म्हणून पंख असलेल्या, कापूस असलेल्या अथवा पापडीसारख्या फळांचे प्रमाण तेथे वाढते. त्याबरोबरच चरणाऱ्या जनावरांच्या पोटातून अथवा अंगावरून जाणारी बियाणीही तेथे पुष्कळ असतात.

बीने आईपासून दूर का जावे, याचे एक उत्तर डॅनियल जॅन्झेन यांनी १९७० साली आणि जोसेफ कॉनेल यांनी १९७१ साली स्वतंत्रपणे दिले. मूळ वृक्षाखाली त्याच जातीचे किडे, बुरशी आणि बी खाणारे प्राणी यांची दाटी असते. तेथे पडलेल्या बियांपैकी फार थोड्या तगतात. दूर गेलेले बी एकटे असते, आणि म्हणूनच त्याला जगण्याची संधी अधिक. उष्णप्रदेशीय अरण्यात एकाच जातीचे रान न माजता अनेक जाती मिसळून का राहतात, याचेही अंशतः स्पष्टीकरण यातून मिळते. यावरून एक गोष्ट निघते, आणि पुढील सर्व विवेचनाचा आधार तीच आहे : वाहक नाहीसा झाला तर झाड त्याच दिवशी मरत नाही, पण त्याची संतती खुंटते. उभे झाड आणि वाढती जात या दोन भिन्न गोष्टी आहेत.

३

या परिसरातील सर्वांत जुना वानस्पतिक पुरावा ग्रामनामांत आहे. इंदापूर तालुक्यात पळसदेव, बाभुळगाव, निमगाव, वडापुरी, बोरी अशी गावे आहेत. बारामती तालुक्यात करंजे आहे. पळस, बाभूळ, निंब, वड, बोर, करंज ही झाडे या नावांत दिसतात. हीच तुलना नदीच्या वरच्या अंगाला नेली, तर आंबेगाव, जांभोरी अशी नावे भेटू लागतात. आंबा व जांभूळ ही गरयुक्त, मोठ्या बीची फळे. घाटमाथ्याकडून मैदानाकडे येताना पर्जन्यमान ज्या क्रमाने बदलते, त्याच दिशेने ग्रामनामांतील झाडेही बदलतात, असे यावरून दिसते.

ग्रामनामांचा असा उपयोग करताना दोन सावधगिऱ्या बाळगल्या पाहिजेत. नाव बहुधा विशेषावरून पडते, सामान्यावरून नव्हे. सर्वत्र बाभळीच असतील तर बाभळीवरून गाव ओळखता येणार नाही. तेव्हा 'बाभुळगाव' हे नाव केवळ बाभळीच्या अस्तित्वाचा नव्हे, तर तेथील बाभळींच्या एखाद्या लक्षणीय दाटीचा निर्देश करीत असावे. दुसरे असे की, नाव झाडावरून न पडता झाडाशी जोडलेल्या देवतेवरून पडू शकते. पळसदेव हे त्याचे उदाहरण. तेथील पळसनाथाचे मध्ययुगीन मंदिर प्रसिद्ध आहे. झाड, देव आणि गाव ही तिन्ही नावे तेथे एकमेकांत गुंतलेली आहेत.

या मर्यादा मान्य करूनही ही नामावली बीजवाहकांच्या दृष्टीने वाचता येते. पळसाच्या शेंगेला पळसपापडी म्हणतात. ती चपटी, कागदासारखी हलकी असून तिच्या टोकाशी एकच बी असते. उन्हाळी वारा हा तिचा वाहक. वडाची फळे खाऊन त्याच्या बारीक बिया कावळे, मैना, हरियाल आणि वटवाघळे दूर नेतात. म्हणूनच वड आणि पिंपळ विहिरीच्या कठड्यात व देवळाच्या शिखरातही उगवतात. निंबोळ्यांचा गर पक्षी खातात व आठळी बसण्याच्या जागी टाकतात. शेताच्या बांधावर व कुंपणाशी लिंबाची रोपे ओळीने उगवलेली दिसतात, त्याचे कारण हेच. बोराच्या आठळ्या कोल्ह्याच्या विष्ठेत नेहमी सापडतात. 'कोल्हा काकडीला राजी' या म्हणीत माणसाच्या अल्पसंतुष्टतेवर टीका आहे, पण तिच्यामागचे निरीक्षण निर्दोष आहे : कोल्हा हा मांसाहारी गणला जात असला तरी फळांचा मोठा भोक्ता व म्हणूनच बियांचा मोठा वाहक आहे. बाभळीच्या शेंगा शेळ्या-मेंढ्या आवडीने खातात. तिच्या कठीण कवचाच्या बिया रवंथाबरोबर तोंडातून अथवा लेंड्यांतून बाहेर पडतात. जनावराच्या पोटातील प्रक्रियेने कवच मऊ होऊन असे बी लवकर रुजते. वनशास्त्रज्ञ आर. एस. ट्रूप यांनी १९२१ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय वृक्षांच्या संवर्धनविषयक ग्रंथात मेंढवाड्यांतून बाभळीचे बी गोळा करण्याच्या प्रथेची नोंद घेतली आहे.

सारांश, पळसदेव ते बोरी ही नुसती झाडांची यादी नाही. तिच्यामागे वारा, पक्षी, वटवाघूळ, कोल्हा आणि मेंढरू अशी वाहकांचीही यादी उभी आहे.

४

ग्रामनामांत वाहक गृहीत आहे; काही वनस्पतिनामांत तो प्रत्यक्ष उच्चारलेला आहे. जमिनीलगत पसरणारा आणि पिवळ्या फुलांचा सराटा याचे दुसरे नाव गोखरू. त्याचे काटेरी फळ अनवाणी पायात रुतते, तसेच गुरांच्या खुरांतही रुतते. संस्कृतात याला 'गोक्षुर' आणि 'गोखुर' अशी दोन्ही रूपे आहेत. 'क्षुर' म्हणजे वस्तरा आणि 'खुर' म्हणजे खूर. गायीला चिरणारे असा अर्थ घ्या अथवा गायीच्या खुराशी संबंध जोडा. गाय दोन्हींकडे आहेच. फळ कोणाला बोचते हे नावात सांगितले, तेव्हा ते कोण वाहून नेते हेही नकळत सांगितले गेले.

रुईच्या बोंडातून सुटून वाऱ्यावर तरंगणाऱ्या कापसाळ बीला मुले 'म्हातारी' म्हणतात. पांढरे केस, हलके शरीर आणि ठिकाण नसलेली भटकंती एवढ्या तीन लक्षणांवर हे नाव उभे आहे. 'बांडगूळ' हा शब्द दुसऱ्याच्या जिवावर जगणाऱ्या माणसासाठी मराठीत इतका रूढ झाला आहे की त्या झाडाचे चरित्र मागे पडले. बांडगुळाचे चिकट बी फुलटोचा हा चिमुकला पक्षी फांदीवर घासून टाकतो आणि ते तेथेच रुजते. पक्ष्याची ती सवय नसती तर परोपजीवी वनस्पतीला यजमानच मिळाला नसता.

या परिसराच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा शब्द म्हणजे 'कुसळ'. भिगवणच्या दक्षिणेस आणि कडबनवाडीच्या बाजूस जे गवताळ माळ आहेत, तेथे कुसळी, पवन्या, मारवेल ही गवते वाढतात. कुसळीच्या बीला एक लांब केस असतो. हवेत दमटपणा आला की तो उलगडतो, कोरडेपणा आला की पिळला जातो. आणि या पिळण्या-उलगडण्याने बी जमिनीत गिरमिटाप्रमाणे शिरते. हेच बी मेंढीच्या लोकरीत शिरते, धोतराच्या काठाला चिकटते. दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ पाहणाऱ्याला स्वतःच्या डोळ्यातील मुसळ दिसत नाही, ही म्हण ज्या समाजात सहज बोलली जाते त्या समाजाला कुसळाचा उपद्रव परिचित असला पाहिजे.

या गवताचे मोठे वाहक म्हणजे मेंढरांचे कळप. इंदापूर-बारामतीकडील धनगर मेंढपाळ पावसाळा संपल्यावर चाऱ्यासाठी पश्चिमेकडे सरकतात, काही कळप थेट कोकणात उतरतात, आणि पुढील पावसाच्या सुमारास माळावर परततात. वाटेत शेतकरी आपल्या रानात खतासाठी मेंढरे बसवितात. मेंढरे बसविणे म्हणजे एका ठिकाणी खाल्लेल्या बिया दुसऱ्या ठिकाणी खतासह पेरणेच होय. वर्षानुवर्षे ठराविक वाटांनी चालणारी ही पेरणी कोणत्याही दप्तरात नोंदलेली नाही. परंतु माळावरील गवत, बोर आणि बाभूळ यांच्या विस्तारात तिचा वाटा मोठा आहे.

पक्ष्यांच्या नावांतही उलट दिशेने झाडे सापडतात. हिवाळ्यात मध्य आशियाकडून थव्याथव्यांनी येणाऱ्या गुलाबी अंगाच्या पक्ष्याला शेतकरी भोरडी म्हणतात, कारण ज्वारीच्या कणसांमुळे त्याची गाठ तिच्याशी पडते. त्याच पक्ष्याचे दुसरे नाव पळसमैना. परत जाण्यापूर्वी फुललेल्या पळसावर ती मधासाठी गर्दी करते. वडा-पिंपळाची फळेही ती खाते व त्यांच्या बिया पसरविते. एकाच पक्ष्याला शेताच्या बाजूने एक नाव आणि रानाच्या बाजूने दुसरे नाव, हा भेद ध्यानात घेण्याजोगा आहे.

५

सोळाव्या शतकापासून बियांना एक नवा वाहक मिळाला : जहाज. पोर्तुगीजांच्या व्यापाराने अमेरिका खंडातील वनस्पती पश्चिम किनाऱ्यावर उतरल्या आणि तेथून घाट चढून देशावर आल्या. १५६३ साली गोव्यात छापल्या गेलेल्या आपल्या औषधिविषयक संवादांत गार्सिया द ओर्ता याने अनेक वनस्पतींची देशी नावे नोंदली. हाच वैद्य अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडे जात-येत असे. म्हणजे किनारा आणि भीमाकाठचा प्रदेश यांच्यामध्ये वनस्पतींच्या ज्ञानाची ये-जा त्या काळी चालू होती.

नव्या वनस्पतींना मराठीने चार रीतींनी नावे दिली. पहिली रीत उसनवारीची. काजू, अननस, पपई, बटाटा ही नावे पोर्तुगीजांमार्फत आली. त्यांतील पहिल्या दोहोंचे मूळ ब्राझीलच्या आदिवासी भाषांपर्यंत पोचते. 'पेरू'चा संबंधही पोर्तुगीज 'पेरा', म्हणजे नासपती, या शब्दाशी जोडला जातो. आशियाई भाषांत शिरलेल्या अशा पोर्तुगीज शब्दांचा संग्रह सेबास्तियांव रुदोल्फ दालगादो यांनी १९१३ साली प्रसिद्ध केला, तो या विषयाचा पायाभूत ग्रंथ होय.

दुसरी रीत नामसंक्रमणाची. 'मिरची' हे नाव 'मिरे' या जुन्या मसाल्याच्या नावापासून साधले; तिखटपणा हा एकच समान गुण त्यासाठी पुरला. या फळाचा रानटी अवस्थेतील वाहक पक्षी आहे. मिरचीचा तिखटपणा पक्ष्यांना जाणवत नाही, उंदरासारख्या बी चावून नष्ट करणाऱ्या प्राण्यांना मात्र तो दूर ठेवतो, हे ट्यूक्सबरी व नॅभन यांनी २००१ साली प्रयोगांनी दाखविले. जो गुण बीला एका वाहकासाठी राखून ठेवण्याकरिता होता, त्याच गुणाने माणूस तिचा सर्वांत मोठा वाहक झाला.

तिसरी रीत आप्तीकरणाची. सीताफळ व रामफळ ही झाडे अमेरिकेतील. परंतु रामसीतेच्या वनवासाशी त्यांची नावे जोडली जाऊन ती इतकी आपली झाली की त्यांच्या परकेपणाची आठवणही पुसली गेली. नाव जितके आपलेसे, तितका त्याचा पुरावा फसवा, हा धडा इतिहासाच्या अभ्यासकाने येथे घ्यावा.

चौथी रीत विशेषणाची. अरबी 'विलायत' म्हणजे राज्य किंवा प्रांत. फारसीमार्फत मराठीत येऊन 'विलायती'चा अर्थ परदेशी आणि पुढे विशेषेकरून इंग्लंडचे असा झाला. विलायती चिंच मेक्सिकोकडील. स्पॅनिश व्यापारामुळे ती प्रथम फिलिपीन्समध्ये आली व तेथून भारतात. इंग्लंडशी तिचा संबंध नाही. येथे 'विलायती' हे विशेषण मूळ देश सांगत नाही. 'आपल्याकडे नव्हते, पण आपल्या अमक्या झाडासारखे आहे' एवढेच सांगते. गंमत अशी की जिच्याशी ताडून तिला हे नाव मिळाले ती आपली चिंचही मूळची आफ्रिकेतील मानली जाते. ती इतक्या पूर्वी आली की संस्कृत 'चिञ्चा'पासून मराठी 'चिंच' होण्याइतका काळ तिला मिळाला.

६

एकोणिसाव्या शतकात बियांचा वाहक म्हणून शासनाचे खाते पुढे आले. १८७७ साली प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा या अमेरिकन काटेरी झाडाचे बी जमैकाहून आणून मद्रास इलाख्यातील कडप्पा जिल्ह्यात पेरण्यात आले. कोरड्या जमिनीवर सरपण व आच्छादन मिळावे हा हेतू. दुष्काळांनी पोळलेल्या द्वीपकल्पात या झाडाचा पुढे सर्वत्र पुरस्कार झाला. पाण्यावाचून वाढणारे, कसल्याही जमिनीत येणारे, तोडले तरी फुटणारे असे हे झाड होते.

मराठीत त्याला विलायती बाभूळ म्हणतात. त्याहून रूढ नाव वेडी बाभूळ. इंदापूर-सोलापूर पट्ट्यात चिलार असेही म्हणतात. यांतील 'चिलार' हे नामसंक्रमण आहे, कारण चिल्हार हे मूळचे एका निराळ्या काटेरी वेलीसारख्या झुडपाचे नाव. 'वेडी' हे विशेषण मात्र अधिक बोलके आहे. खात्याच्या दृष्टीने जे गुण होते, तेच शेतकऱ्याच्या दृष्टीने वेड ठरले : लावावे तेथे न थांबणे आणि काढले तरी न जाणे.

ही बाभूळ एवढी पसरली याचे कारण तिच्या वाहकात आहे. तिची पाने शेळ्या फारशा खात नाहीत. शेंगा गोड असल्याने त्या मात्र आवडीने खातात. म्हणजे रोप सुरक्षित आणि बी प्रवासाला. शतकानुशतके जो कळप देशी बाभळीचे बी वाहत होता, त्याच कळपाने परक्या बाभळीचेही बी त्याच वाटांनी नेले. नवे झाड जुन्या वाहतुकीवर आरूढ झाले. वाहक जुनाच, पण देशी बाभळीचे कोवळे शेंडे तो खातो आणि परक्या बाभळीचे सोडतो. या एका निवडीने दोघींचे भवितव्य वेगळे झाले.

याच्या उलट उदाहरण सुबाभळीचे. हे मेक्सिकोकडील झाड. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चारा व सरपण यांसाठी त्याचा प्रसार करण्यात ज्या संस्थांनी पुढाकार घेतला त्यांत याच लोहमार्गावरील उरुळी कांचन येथे १९६७ साली स्थापन झालेली बाएफ ही संस्था प्रमुख होती. एकीला लोकांनी 'वेडी' म्हटले, दुसरीच्या नावाला पुरस्कर्त्यांच्या तोंडी 'सु' हा उपसर्ग लागला. दोन्ही बाभळी नव्हेत आणि दोन्ही अमेरिकन. विशेषण कोणाच्या तोंडून आले, हे पाहिल्यावाचून अशा नावांचा अर्थ लागत नाही.

गाजरगवताची कथा पुराव्याच्या चिकित्सेसाठी उपयुक्त आहे. १९५६ साली आर. एस. राव यांनी पुण्याहून या वनस्पतीची भारतातील नवी नोंद म्हणून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात माहिती दिली. अमेरिकेच्या पी. एल. ४८० कायद्याखाली आलेल्या गव्हाबरोबर हे गवत आले, अशी समजूत महाराष्ट्रात सर्वत्र आहे. परंतु त्या कायद्याखालील भारताशी पहिला करार ऑगस्ट १९५६ मध्ये झाला. ज्या वर्षी नोंद प्रसिद्ध झाली तेच हे वर्ष. करारानंतर गहू यावा, सांडावा, रुजावा, फोफावावा आणि वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नजरेस पडून लेख छापला जावा, इतका अवकाश या तारखांत बसत नाही. त्यापूर्वी १९५१ सालीही अमेरिकेतून धान्य आले होते, हे खरे. शिवाय रॉक्सबरो यांच्या १८१४ च्या कलकत्ता उद्यानविषयक सूचीत या वनस्पतीचा उल्लेख असल्याचे पुढे निदर्शनास आणण्यात आले. तेव्हा आयात धान्याने तिच्या प्रसाराला गती दिली असणे संभवनीय असले, तरी 'पी. एल. ४८० चे गवत' ही कथा जशीच्या तशी स्वीकारता येत नाही.

असे असूनही ती कथा टाकाऊ नाही. एका झाडाला हजारो हलकी बीजे, ती वाहनांच्या चाकांच्या चिखलातून, पाण्यातून, चाऱ्यातून व धान्यातून जातात. हे लोकांनी बरोबर ओळखले. चूक झाली ती तारखेत. याच गवताला 'काँग्रेस' हे नाव पडले, त्याचा संबंध कोणी पांढऱ्या फुलांच्या टोपीसारख्या आकाराशी लावतात, तर कोणी त्या काळच्या सत्तेशी. दोन्ही स्पष्टीकरणांत एक समान जाणीव आहे : हे बी वाऱ्याने वा पक्ष्याने आणलेले नसून राज्यव्यवहाराने आणलेले आहे.

७

१९८० साली माढा तालुक्यात उजनी येथे भीमेवरील धरण पूर्ण झाले. त्याच्या यशवंतसागर या जलाशयाची क्षमता सुमारे ११७ अब्ज घनफूट. त्याचा फुगवटा भिगवणच्या पुढे वरपर्यंत जातो. नदीकाठची गावे, मळे, आमराया आणि देवराया पाण्याखाली गेल्या. पळसदेव गाव वरच्या जमिनीवर पुन्हा वसले. पळसनाथाचे जुने मंदिर पाणी आटलेल्या वर्षी उघडे पडते. येथे एक विलक्षण गोष्ट घडली. गावांची नावे माणसांबरोबर वर आली, झाडे खाली राहिली. ज्या नावाचा आधार एका विशिष्ट जागचे झाड होते, ते नाव आता त्या झाडावाचून उभे आहे. ग्रामनाम हा वानस्पतिक पुरावा म्हणून वापरणाऱ्या पुढील अभ्यासकाने १९८० ही मर्यादारेषा ध्यानात ठेवली नाही, तर तो नव्या पळसदेवाच्या माळावर जुन्या काठावरचा पळस शोधीत बसेल.

जलाशयाने वाहकांचीही फेररचना केली. हिवाळ्यात भिगवण, डिकसळ, कुंभारगाव या बाजूस रोहित, पट्टकदंब आणि नाना जातींची बदके उतरतात. पाणपक्षी केवळ पाहुणे नसतात. ते पाणवनस्पतींच्या बिया पोटातून व पायाला लागलेल्या चिखलातून नेतात. डार्विन याने १८५९ च्या आपल्या ग्रंथात यासंबंधीचा प्रयोग दिला आहे. एका लहान तळ्याच्या काठचा तीन चमचे चिखल त्याने घेतला. वाळल्यावर तो १९० ग्रॅमच्या आसपास भरला. सहा महिन्यांत त्यातून ५३७ रोपे उगवली. एवढ्याशा चिखलाची ही कथा, तर उजनीच्या मैलोगणती काठावरून उडणाऱ्या थव्यांच्या पायांतून काय जात-येत असेल, याची कल्पना करता येते.

नदी स्वतःही वाहक आहे. मुळा-मुठेचे पाणी भीमेतून येथे पोचते व पुण्याकडील जलपर्णी आपल्याबरोबर आणते. अमेझॉनच्या खोऱ्यातील या वनस्पतीला मिळालेले 'जलपर्णी' हे नाव संस्कृत घडणीचे असल्याने सीताफळाप्रमाणेच तिचे परकेपण झाकते.

उन्हाळ्यात पाणी मागे सरले की उघड्या पडलेल्या गाळात शेतकरी पीक घेतात. त्याला गाळपेर म्हणतात. गाळपेर होत नाही त्या काठावर बहुधा वेडी बाभूळ पुढे सरकते. तिच्या शेंगा पाण्यावर तरंगतात, काठाला लागतात, आणि शेळ्या उरलेले काम करतात. देशी बाभळीचे महत्त्व यामुळे संपले असे नाही. भिगवणजवळील भादलवाडीच्या तलावातील बाभळींवर चित्रबलाक घरटी करतात; इंदापुरात त्यांनी जुन्या चिंचा निवडल्या. पण घरट्यासाठी जुने झाड लागते, आणि जुन्या झाडाच्या जागी नवे उभे राहावयाचे तर त्याचे बी वाहणारा व त्याचे रोप राखणारा कोणी हवा.

८

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी दिसून येतात. भीमाकाठच्या वनस्पतिनामांत किमान तीन थर आहेत. सर्वांत खालच्या थरात ग्रामनामे आणि संस्कृत-प्राकृतातून आलेली जुनी नावे. त्यांचे वाहक वारा, पक्षी, जनावर. त्यावर सोळाव्या शतकानंतरचा थर. त्याचा वाहक जहाज व व्यापार, आणि नावे बहुधा उसनी अथवा आप्तीकृत. तिसरा थर १८७७ नंतरचा. त्याचा वाहक शासन, संस्था आणि आयात, आणि नावे विशेषणयुक्त : विलायती, वेडी, सु. झाड ज्या वाटेने आले त्या वाटेची खूण नाव पडण्याच्या रीतीत बहुधा राहते. आप्तीकृत नावे हा या नियमाचा मुख्य अपवाद होय.

दुसरी गोष्ट अधिक निकडीची आहे. माळ मोडून ऊस आला, कोल्ह्या-चिंकाऱ्यांची राने आटली, मेंढरांच्या वाटांवर कुंपणे पडली. बोर, करंज, पळस, हिवर यांची उभी झाडे अजून आहेत, म्हणून त्या जाती सुरक्षित आहेत असे वाटते. वाहकाच्या दृष्टीने पाहता ती वृद्ध पिढी आहे. वृक्षारोपणाने झाड लावता येते. त्याचे बी पुढे कोण नेईल, हा प्रश्न खड्ड्यांच्या संख्येने सुटत नाही. भीमाकाठी पुन्हा देशी रान उभे करावयाचे तर माळ, कळपांच्या वाटा आणि पक्ष्यांच्या बसण्याच्या जागा यांचा विचार रोपांइतकाच करावा लागेल.

आणि या वाहकांची माहिती आज बरीचशी मेंढपाळांच्या व वृद्ध शेतकऱ्यांच्या बोलीत आहे. कोणत्या शेंगेला शेळी तोंड लावते, कोणते बी लेंडीतून आल्यावाचून उगवत नाही, कोणत्या काट्याला कोणते नाव, हे त्यांना ठाऊक आहे. जमीन, हवामान व पीक यांच्या नोंदी खात्यांच्या दप्तरांत सापडतील; ही नोंद तेथे सापडणार नाही. बोलीभाषेच्या अभ्यासकाने गावोगावची वनस्पतिनामे गोळा करताना झाडाच्या नावाबरोबर त्याच्या वाहकाचेही नाव विचारले, तर त्या उत्तराचा उपयोग कोशकाराला जितका होईल तितकाच इतिहासकाराला व वनशास्त्रज्ञालाही होईल. गोखरू या एका शब्दात गाय टिकून राहिली. वेड्या बाभळीच्या नावात शेळी मात्र कोठेच नाही. ती विचारूनच नोंदवावी लागेल.